शिवाजीकाकाला काय झालं होतं

अलीगंज, लखनौ

प्रिय प्रणव,

फोनवर तू ‘हाँ आई, सब ठीक’ म्हणून मला गुंडाळतोस, म्हणून हे पत्र. पुरतं वाच, गधड्या.

बाबांना आता मानही उचलवत नाही. राग मात्र शाबूत आहे, काल वरणात मीठ कमी म्हणून तोंड फिरवलं. आधी पाय गेले, मग हात, आता गिळणंही जड झालंय. रक्त दिल्लीला तपासून आलं, तरी दुखण्याला नाव नाही. डॉक्टर शर्मिष्ठा, पोरगीच आहे रे, म्हणाली की आमच्या हातात काही उरलं नाही. मग खुर्ची ओढून हळूच म्हणाली, हे गेल्यावर उघडून बघू दिलंत तर मेंदूत, मणक्यात काय बिघडलं ते कदाचित कळेल. असा संताप आला मला! जिवंतपणी काही जमेना आणि मेल्यावर चिरणार? शेजारच्या नीलम भाभींना सांगितलं, तर त्या घाबरून विचारतात, कोई पुलिस केस है क्या?

डॉक्टरचं बोलणं बाबांनीही ऐकलं होतं. परवा मला जवळ बोलावून शिवाजीकाकाचं काढलं. त्यांचा धाकटा भाऊ, तालमीतला गडी. चालता चालता पडायला लागला आणि ऐन तिशीत गेला. गावच्या सरकारी डॉक्टरांनी तेव्हाही हेच मागितलं होतं. आजोबा काठी घेऊन धावले. कुणीतरी करणी केली असं ठरवून सगळे मोकळे झाले. तेव्हा बघू दिलं असतं तर आज काहीतरी ठाऊक असतं, असं बाबा म्हणाले. एकेक शब्द, माझा कान त्यांच्या ओठांशी. डॉक्टरच्या संमतीच्या कागदावर सही कर म्हणाले. ज्या अंगाला मी रोज पुसते, कूस बदलून देते, ते कापायला मी सही करायची! कशी करू रे?

आता खरं सांगते. परवाच व्हिडिओ कॉलवर तुझ्या लेकीचा, आर्याचा चेंडू द्यायला तू खुर्चीतून उठलास. आधी टेबलावर हात रोवलेस, मग मांड्यांवर. बाबा सुरुवातीला अगदी तसेच उठायचे. मी त्यांच्याकडे पाहिलं, त्यांनीही ते पाहिलं होतं. कॉल संपल्यावर ते रडले, आणि मग शिवाजीकाकाचं काढलं. मी सही केली आहे, बाळा. माझ्याच्यानं दुसरं काही होत नाही. तू ये, आणि त्या डॉक्टर पोरीला तुझे पाय दाखव.

तुझीच,
आई