डावा हात वर

२ फेब्रुवारी, सोमवार
पत्र आलं. म्हणजे व्हॉट्सॅपवर पत्राचा फोटो आला. १७ तारखेला माझं पाठ निरीक्षण. विस्तार अधिकारी साहेब स्वतः येणार, वर्गात मागे बसणार, मी कशी शिकवते ते लिहून नेणार. मार्चात शिक्षणसेवकाची तीन वर्षं संपतात. शेरा चांगला आला तर कायम. वाईट आला तर मुदतवाढ, पुन्हा टांगती तलवार. भरतीसाठी पाच वर्षं वाट पाहिली ती काय यासाठी?

आईला अकोल्याला फोन केला. म्हणे देव पाण्यात ठेवते. मी म्हटलं, पंधरा दिवस ठेवशील तर सर्दी होईल त्यांना. तिने फोनच ठेवला.

३ फेब्रु.
पाठ ठरला. चौथी, गणित. पाव, अर्धा, पाऊण. पुठ्ठ्याची गोल भाकर करायची, तिचे रंगीत तुकडे. चार भाकरी, सगळ्या एकसारख्या, कंपासने आखून.

शाळा सुटल्यावर दर्यापुरात पुठ्ठा घेतला. सकाळी जीपमध्ये मांडीवर धरावा लागेल.

४ फेब्रु.
जीपमध्ये शेजारच्या आजीबाईने पुठ्ठ्यावर आपली संत्र्यांची पिशवी ठेवली. ओला डाग पडला. एक भाकर कमी झाली. तीनवर भागवू.

वहीद सरांना पाठाचं टाचण दाखवलं. शाळेत आम्ही दोघंच. ते मुख्याध्यापक, पहिली-दुसरी त्यांच्याकडे, तिसरी-चौथी माझ्याकडे. अंजनगावचे. पुढच्या वर्षी रिटायर. ऑनलाइन माहिती सगळी मी भरते, पासवर्ड म्हटलं की सरांना घाम फुटतो. टाचणाची चारही पानं वाचली त्यांनी. म्हणाले, लय सुंदर अक्षर हाय मॅडम. बस. अक्षर!

५ फेब्रु.
डी.एड.ची मैत्रीण, अर्चना, धामणगावकडे असते. तिचं निरीक्षण मागच्या वर्षी झालं, शेरा ‘उत्कृष्ट’. तिने फोनवर गुपित सांगितलं. प्रश्न विचारला की सगळ्या पोरांनी हात वर करायचाच. उत्तर येत असेल त्याने उजवा. येत नसेल त्याने डावा. आपण फक्त उजव्यांना उठवायचं. साहेबांना दिसतं काय, तर अख्खा वर्ग हात वर करून बसलाय.

आधी हसले. मग म्हटलं, वा गं बाई.

६ फेब्रु.
पोरांना शिकवलं. सतरा लेकरं तिसरी-चौथी मिळून. अर्धा तास तर डावा कोणता, उजवा कोणता यातच गेला. पण मजा आली त्यांना. सात नव्वे किती? सतरा हात वर. बापा! असा वर्ग मी तीन वर्षांत पाहिला नव्हता.

वहीद सर दारात उभे होते. जाताना म्हणाले, “लेकरायले दोनच हात हायेत मॅडम. ते बी तुमी कामाले लावले.” चिडवत होते की खरंच बोलले, कळलं नाही. दिवसभर लागून राहिलं मनाला.

९ फेब्रु., सोमवार
एक गोष्ट आज लक्षात आली आणि मी खडू हातात धरून तशीच उभी राहिले. डावा हात वर करताना एकही लेकरू खोटं बोलत नाही. मी फसवायला शिकवलं, अन् ते त्यातही खरं सांगून राहिले. कोणाला काय येत नाही ते मला तीन वर्षांत प्रथमच नीट दिसतंय. भागाकारात नऊ डावे. नऊ! मला वाटायचं दोघं-तिघं असतील.

खिचडीच्या वेळी पण तेच. वाढणाऱ्या मावशींनी विचारलं कोणाला अजून पाहिजे, तर पोट भरलेल्यांनी डावे हात वर केले. मावशी बुचकळ्यात.

रोशनी मात्र प्रत्येक प्रश्नाला डावा. चौथीची, खिडकीजवळ बसते. आईबाप पुण्याकडे कामाला, ही आजीजवळ. सोप्या प्रश्नालाही डावा, आणि खाली घेत नाही. विचारलं, तुला काय समजत नाही? तिने माझ्याकडे पाहिलं. वाट पाहून मी म्हटलं बरं, बस.

१० फेब्रु.
रोशनीला निरीक्षणाच्या दिवशी कोपऱ्यात, तिसरीच्या पोरांच्या आड बसवावं का? अर्चना म्हणते बसवच. ठरलं नाही अजून.

११ फेब्रु.
तिसरी-चौथीला चित्रं काढायला लावली आणि सरांच्या वर्गात जाऊन बसले. त्यांनीच बोलावलं होतं. मनात होतं, म्हातारा माणूस, काय शिकवणार आता. खरं तेच लिहिते.

सरांनी विचारलं, चिमणीले तिचं घरटं कसं ओळखू येते?
मग काहीच नाही. सर खिडकीशी गेले. चष्मा पुसला. बाहेर हरभऱ्याकडे पाहत राहिले. वर्ग गप्प. मी भिंतीवरच्या घड्याळाचा काटा पाहत होते, तो एक फेरा पूर्ण करून पुढे निघाला. मी असते तर तेवढ्यात तीन प्रश्न विचारून उत्तरं पण मीच दिली असती.

मग पहिलीतलं एक पोरगं, शर्टाची दोन बटणं नसलेलं, हळूच म्हणालं, “तिनंच बांधलं ना ते.”

सहा वर्षांचं लेकरू! सर फक्त ‘हव’ म्हणाले, जसं काही रोजचंच आहे. त्यांच्यासाठी असेलही रोजचं. मी अडीच-तीन वर्षं या माणसाच्या भिंतीपलीकडे बसून पाढे घोकून घेत होते.

बाहेर आल्यावर मी विचारलं, सर, एवढं थांबता कसं येतं? म्हणाले, “मले बी भेव वाटते मॅडम. वाटते, आता कोणीच नाही बोललं तर? पण थांबलं की लेकराले समजते, याले खरंच ऐकाचं हाय.”

१३ फेब्रु., शुक्रवार
रंगीत तालीम. आठ प्रश्न, आठ उत्तरं, सगळं पाठ. मीही एकदा थांबून पाहिलं, सरांसारखं. दहा सेकंद. मग माझाच घसा खाकरला आणि उत्तर सांगून टाकलं. जमत नाही ते.

रोशनीची जागा बदलली नाही. हिंमत झाली नाही म्हणा, लाज वाटली म्हणा.

१६ फेब्रु.
आईचा फोन, साडी कोणती नेसणार. अर्चनाचा फोन, तुकड्यांना मागून चिकटपट्टी लावली का. सरांनी विचारलं डब्यात काय आणणार, लोणचं आणा. जगात एवढा निश्चिंत माणूस नसेल.



१७ फेब्रु., मंगळवार
झालं.

साहेब साडेअकराला आले. वाळकेसे, कमी बोलणारे. इथलं पाणी खारं म्हणून स्वतःची बाटली घेऊन. मागे खुर्चीत बसले, फाईल उघडली. पहिला प्रश्न, सतरा हात. उजव्याला उठवलं, बरोबर. दुसरा, बरोबर. तिसरा, बरोबर. पुठ्ठ्याच्या भाकरी फळ्यावर काय दिसत होत्या! मनात म्हटलं, घोडं गंगेत न्हालं.

चौथा प्रश्न सगळ्यात सोपा होता. अर्धा मोठा की पाव मोठा? सोळा उजवे. रोशनीचा डावा.

मी एका उजव्याचं नाव घेणार, तेवढ्यात साहेब मागून शांतपणे म्हणाले, “मॅडम, डाव्या हाताले इचारा.”

त्यांना माहीत होतं. पहिल्या प्रश्नापासून माहीत होतं.

रोशनीला उठवलं. ती उभी राहिली, गप्प. माझ्या ओठांवर आलं होतं, बरं, बस. चिमणी आठवली. खिडकीशी गेले. पुसायला चष्मा नाही, मग पदरालाच हात पुसत राहिले. काटा फिरतोय. साहेबांचं पेन थांबलेलं. माझी नोकरी चालली, असं स्पष्ट वाटलं मला, आणि तरी मी थांबले. का थांबले ते आताही सांगता येत नाही.

मग ती म्हणाली, “कायचा?”
मी म्हटलं, काय कायचा?
“अर्धा कायचा, अन् पाव कायचा? माह्या आजीची पाव भाकर तुमच्या अर्ध्या पोळीहून मोठी रायते.”

वर्ग हसला. मी नाही हसले. मला हसताच येईना. मायबाई! मी बारावी सायन्स, डी.एड., दोनदा टीईटी दिलेली. हा प्रश्न मला कधी पडला नाही. एकसारख्या भाकरी कंपासने आखल्या, त्या एकसारख्या का लागतात हे मलाच ठाऊक नव्हतं. आणि ही पोरगी दहा दिवस डावा हात वर धरून होती. तिला उत्तर येत नव्हतं असं नाही. माझा प्रश्नच अर्धवट होता.

डबा काढला. पोळी काढली. रोशनीच्या दप्तरात फडक्यात बांधलेली ज्वारीची भाकर होती, ती मागितली. तिने पाव तोडून टेबलावर ठेवली, मी शेजारी अर्धी पोळी. पाव मोठी! तिसरीची पोरं बाकावर उभी. मग कोणी तरी ओरडलं, अर्धं आपलं गाव मोठं का पाव दर्यापूर? पाव दर्यापूर! अर्धा बोकड का पाव म्हैस? अर्धा तास नुसता हाच गदारोळ. उजवा-डावा कोणाच्या लक्षात राहिला नाही. माझे पुढचे चार प्रश्न अन् पाऊण तसेच राहिले.

साहेब खूप वेळ लिहीत होते.

१८ फेब्रु.
काल मी घाबरून वर्गातच बसून राहिले, साहेबांना गेटपर्यंत सर सोडायला गेले. आज सरांकडून एकेक शब्द काढून घेतला. साहेब म्हणे बोलले, मी बी वीस वर्षं उजवा-डावाच केला. डाव्याले एकदाबी उठवलं नाही.

आणि दुसरं. फॉर्मवर रकाना आहे, पाठ टाचणाप्रमाणे झाला का? तिथे ‘नाही’ लिहिलंय. सरांनी डोळ्यांनी पाहिलं. शेऱ्याची जागा पुरली नाही म्हणून साहेबांनी वेगळा कागद जोडला. त्यावर काय लिहिलं, ते सरांना दिसलं नाही.

म्हटलं, सर, चष्मा एवढा पुसता, तो लावायचा तरी. म्हणाले, “दुसऱ्याचं पत्र वाचू नाही मॅडम.” रागच आला.

२३ फेब्रु.
तालुक्याला फोन केला. फाईल पुढे गेली, एवढंच कळलं. ‘नाही’ हा एकच शब्द डोक्यात फिरतोय. आई म्हणते देव काढू का आता पाण्यातून. म्हटलं राहू दे अजून.

अर्चनाला सगळं सांगितलं. म्हणाली, वेडी आहेस, कोपऱ्यात बसवायचं होतं त्या पोरीला. मी म्हटलं, हो गं. आणि मनात म्हटलं, नाही.

२७ फेब्रु., शुक्रवार
पत्र नाही आलं.

फक्त उजव्यांना उठवायचा नियम मी मोडला. डावा पोरांनीच ठेवला आहे. कळलं नाही की सरळ वर.

आज रोशनीने भाकरीचा तुकडा आणला होता. पाव केला, पावाचा पाव केला, त्याचाही. शेवटी नखाएवढा कण राहिला बोटावर. तो घेऊन टेबलापाशी आली. “मॅडम, याचा बी पाव होते ना. मंग त्याचा बी. हे संपते कुठं?”

खिडकीबाहेर पाहिलं. घड्याळाकडे पाहिलं. मग वर्गासमोर उभी राहून मी माझा डावा हात वर केला.

वाटलं हसतील. एकही हसलं नाही. सतराही जणं माझ्याकडे पाहत गप्प बसले, आणि थांबले.