बाबांचं वीस फुटांचं दुकान

सोमवार, दि. १० मार्च, दुपार

प्रिय ताई,

नमस्कार. तू बरी असशील, बाबा वेळेवर जेवत असतील, मी इकडे मजेत आहे. यातलं शेवटचं सोडून बाकीचं खरं असू दे.

तुझं पत्र आणि सोबतचा कागद येऊन आठ दिवस झाले. उत्तराला उशीर झाला कारण कामाची गडबड... नाही, कारण काही नाही. आधी नोकरीचं सांगतो. पायाला भिंगरी लावलेला हा प्राणी एका जागी टिकला तर नाव बदलीन, असं तू म्हणायचीस ना? मग नवीन नाव शोध. पाच महिने झाले. दुकानं, ऑफिसं भाड्याने लावून देणाऱ्या एका एजंटाकडे मी टेप धरतो. एक टोक त्याच्याकडे, दुसरं माझ्याकडे, आणि जागा आहे त्याहून मोठी कशी आहे ते मालक मधे उभा राहून सांगतो. शाळेत डोक्यात शिरलं नाही ते इथे शिरतंय. कार्पेट एरिया म्हणजे गालिचा नव्हे, भिंतींच्या आत खरंच पाय ठेवता येतो ती जागा. बिल्ट-अप म्हणजे त्यात भिंतींची जाडीही धरायची. सुपर बिल्ट-अप म्हणजे जिना, लिफ्ट आणि वॉचमनची खुर्चीसुद्धा थोडी थोडी तुझ्या वाट्याला. लॉक-इन म्हणजे ठरलेली वर्षं जागा सोडून जायचं नाही. यावर एजंट म्हणाला, तुझ्या घरच्यांनी तुझ्याशी हाच करार करायला हवा होता. मी हसलो.

परवा चष्म्याच्या दुकानासाठी एक जागा मोजली. लांबी साडेअकरा फूट. नजर तपासायला वीस फूट लागतात, एवढं अंतर पुरत नाही, पण गिऱ्हाईक म्हणालं चालेल, आरसा लावू, अंतर दुप्पट होतं. मला आपले बाबा दिसले. दुकान केवढं आहे असं कुणी विचारलं की ते आधी खुर्चीकडे बोट दाखवायचे, मग समोरच्या भिंतीवरच्या अक्षरांच्या तक्त्याकडे. बरोबर वीस फूट, आरसा नाही, नजर सरळ जाते. तू लिहिलंस की आता ते दुसऱ्याच्या दुकानात आरशातून उलटा तक्ता दाखवून नंबर काढतात. ते वाक्य मी चारदा वाचलं. मग चहाला म्हणून बाहेर पडलो आणि चहा न पिताच परत आलो.

विषयांतर होतंय. नेहमीचंच.

करारात शेवटाकडे मुदतवाढीचं कलम असतं. भाडेकरूला जागा पुढे ठेवायची असेल तर मुदत संपायच्या सहा महिने आधी मालकाला लेखी कळवायचं. कळवलं तर मालकाला नाही म्हणता येत नाही. नाही कळवलं तर हक्क आपोआप जातो, कुणाला हिरावून घ्यावा लागत नाही. एजंटाने हे सांगितलं तेव्हा मी टेप गुंडाळत होतो. म्हटलं, पुन्हा सांगा. त्याने पुन्हा सांगितलं. एक दिवस उशीर झाला तर, असं विचारलं. तो म्हणाला, एक दिवस काय नि एक वर्ष काय.

ताई, तू पाठवलेल्या कागदावर लिहिलंय की मुदतवाढीचं पत्र मी स्वतः मालकाच्या ऑफिसात नेऊन दिलं. खाली माझी सही हवी, बावीस तारखेला दुकानाच्या दाव्याची सुनावणी आहे. पत्राची पोच कुठे आहे असं वकिलाने विचारलं तेव्हा बाबा काय बोलले तेही तू लिहिलंस. "घरच्या माणसाकडे कुणी पोच मागतं का?" आणि मालकाच्या त्या म्हाताऱ्या कारकुनाला, ज्याच्याशी त्यांची पंधरा वर्षांची ओळख, तो पत्र आलंच नाही म्हणाला म्हणून त्याला ते सगळ्यांसमोर खोटारडा म्हणाले. माझ्या शब्दावर.

मी सही करत नाहीये.

त्या दिवशी मी पत्र द्यायलाच निघालो होतो गं. कोपऱ्यावर ट्रकवाला दोस्त भेटला, बंदरावर चाललोय म्हणाला. मी जहाज कधी जवळून पाहिलं नव्हतं. म्हटलं, पत्र काय, उद्या देऊ. अकरा दिवसांनी परत आलो तेव्हा बाबा कुणाच्या तरी चष्म्याचा स्क्रू पिळत होते. मान वर न करता म्हणाले, "पत्र दिलंस ना?" मी बूट काढत होतो. "दिलं," म्हटलं. चारच दिवसांपूर्वी तारीख उलटली होती, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. ठाऊक असतं तरी बहुतेक तेच म्हटलं असतं.

पाकीट माझ्याकडेच आहे. दोनदा बॅग बदलली, पण ते फेकवलं नाही. वर मालकाचं नाव, तक्त्यातल्या शेवटच्या ओळीसारख्या बाबांच्या बारीक अक्षरात. या पत्रासोबत ठेवलंय. तू उघडू नकोस. बाबांनी चिकटवलंय, त्यांनाच उघडू दे. आणि मी यायच्या आधी त्यांच्या हातात दे. मला दारात बघून त्यांनी पुन्हा विश्वास टाकला तर माझ्या तोंडून शब्द फुटणार नाही.

एकवीसला निघतो. आधी कारकुनाचे पाय धरीन, मग बाबांसमोर उभा राहीन. घरात घ्या असं म्हणत नाही.

हे पोस्टाच्या बाकावर बसूनच लिहितोय, उद्यावर टाकलं नाही. कुणाच्या हाती देत नाहीये, रजिस्टर करून पोचपावती जोडतोय. पावतीवर बाबांनी सही केली नाही तर तू कर.

ज्याच्याकडे पोच मागायला हवी होती तो,
तुझा धाकटा