ब्याण्णववर अडलेला काटा

प्रिय दादा,

पत्र बघून दचकू नकोस, माझं बरं चाललंय. डावा हात मशीनला जोडलेला आहे, उजवा मोकळा आहे आणि डायलिसिसचे चार तास मला कुठे जायचं नाही. फोनवर तुला काही समजवायला गेलं की ‘बरं, बरं, मीने, तू जेवलीस का’ म्हणून तू विषय मिटवतोस. कागदाला तसं मधेच तोडता येत नाही, म्हणून शाळेतली एक कोरी पुरवणी घेऊन बसले आहे. विज्ञानाच्या बाईचं पत्र आहे, थोडं लांबणार. कंटाळलास तरी शेवटपर्यंत वाच, एवढीच अट.

गेले दोन महिने एका कोड्याने मला छळलंय आणि ते कोडं तू आहेस. जूनमध्ये डॉक्टरांनी तुला सांगितलं, बहिणीला किडनी द्यायची असेल तर सत्त्याण्णव किलोंचे शहाऐंशी करून या, नाहीतर ऑपरेशनचा धोका तुम्हालाच जास्त. नवरा म्हणून अमितने द्यावी तर त्याला मधुमेह, आई सत्तरीपुढची, म्हणजे देणारा उरलास तू एकटा. दुसऱ्या दिवसापासून तू चालायला लागलास. रोज पाऊण तास, मळ्याच्या कडेकडेने, आणि रात्रीचं जेवण सातच्या आत. द्राक्षाचे क्रेट मोजायच्या काट्यावर स्वतः उभा राहून मला फोटो पाठवायचास, त्यात तुझे अंगठे आणि आकडा एवढंच दिसायचं. सहा आठवड्यांत पाच किलो गेले. मग तुला वाटलं, पाऊण तासात एवढं होतं तर तीन तासांत किती होईल. इथे तुझ्यातला बागायतदार जागा झाला. चालण्याचं पळणं झालं, पहाटे चारला उठून कादवा नदीच्या पुलापर्यंत आणि परत. संध्याकाळी निफाडच्या जिममध्ये दीड तास. त्यावर श्रावण लागला, म्हणून सोमवार आणि शनिवार कडक उपास. मेहनत चौपट, खाणं निम्मं, आणि काटा ब्याण्णववर. सात आठवडे हललाच नाही. एकदा तर ब्याण्णव पूर्णांक आठ दाखवला आणि त्या दिवशी तू फोटो पाठवला नाहीस, आकडा वहिनीने सांगितला.

हे कसं होतं, ते मला कळेना. वर्गात मुलांना मी सांगते की आधी नीट बघा, मग बोला. म्हणून तुझ्या नकळत मी बघायला लागले. सगळ्यात आधी वहिनीला फोन केला. तिने सुरुवात केली ती थांबेचना. ‘ताई, हे लय चिडचिड करता आजकाल. रात्री झोप नाय, कूस बदलत राहता. अन् दुपारी बाजेवरून उठत नाय. आधी सगळा मळा पायी फिरायचे, आता या टोकाचं त्या टोकाला जायला मोटारसायकल लागती.’ मला तिथेच पहिला धागा सापडला. पहाटे तीन तास पळून तू जे कमवतोस, ते उरलेल्या दिवसात बसून राहून घालवतोस. आणि दुसरा धागा सांगायला वहिनी आधी तयार नव्हती. तू पळायला जाताना खिशात बेदाणे नेतोस म्हणे. मूठभर जाताना, मूठभर येताना, उपासाच्या दिवशी जास्तच. स्वतःच्या बागेतले बेदाणे तुला खाण्यात धरावेसे वाटत नाहीत, हे ऐकून मी हसले खरी. पण तुझी भूक किती खवळत असेल तेही कळलं. दिवसभर एका भाकरीवर पळणारा माणूस बेदाणे खाणार नाही तर काय करणार?

तरी हिशेब जुळेना. मूठभर बेदाण्यांनी आणि दुपारच्या झोपेने सात आठवडे काटा एका जागी खिळून राहत नाही. गौरींच्या जेवणाला तू गंगापूर रोडला घरी आलास, आठवतं? बूट-मोजे काढून सोफ्यावर पाय पसरलेस आणि मी जवळ येऊन तुझी पोटरी दाबली. तुला वाटलं मी चेष्टा करतेय, म्हणालास, ‘मीने, बैल बघतीस काय विकत घ्यायला.’ मी हसून वेळ मारून नेली. खरं सांगू, मोज्यांच्या रबराचे वळ इतके खोल होते की मला माझेच पाय आठवले. पोटरी दगडासारखी घट्ट होती, हात लावला तरी तू ओठ आवळलेस. पाण्याच्या बाबतीत मला आता कुणी फसवू शकत नाही, दादा. इथे आठवड्यातून तीनदा आम्हाला मशीनला लावायच्या आधी काट्यावर उभं करतात आणि सोडताना पुन्हा उभं करतात. मंगळवारी सकाळी मी त्रेपन्न असते, दुपारी एक्कावन्न. मधल्या चार तासांत माझी काही दोन किलो चरबी जळालेली नसते. ते पाणी असतं. पाणी काढल्यावर उरतं ते आमचं खरं वजन, त्याला इथले सगळे ‘ड्राय वेट’ म्हणतात. शेजारच्या खाटेवरच्या कुसाबाई कधी शाळेत गेल्या नाहीत, पण त्यासुद्धा सांगतात, ‘काट्यावर इस्वास नको ठेवू, आदी पाय बघ.’

मग मी राउंडला आलेल्या डॉक्टरांना गाठलं. तुझं नाव घेतलं नाही, एका ओळखीच्या माणसाचं सांगते म्हटलं. बहुतेक त्यांच्या लक्षात आलं असावं, पण त्यांनी दाखवलं नाही. ते म्हणाले, स्नायूंना रोज मार बसत राहिला आणि भरून यायला सवडच मिळाली नाही, तर ते सुजतात आणि पाणी धरून ठेवतात. झोप कमी, खाणं कमी, कष्ट जास्त, म्हणजे शरीराला वाटतं दुष्काळ पडलाय. मग ते हात आखडून खर्च करतं आणि ताणाने आणखी पाणी साठवतं. आत चरबी थोडी उतरत असेलही, पण काट्यावर दिसत नाही. आणि माणूस घाबरून आणखी पळतो. नक्की काय ते बघितल्याशिवाय सांगता येणार नाही, असंही ते म्हणाले, पण बघायची रीत सोपी आहे. दहा दिवस पळणं आणि जिम पूर्ण बंद. साधं चालणं चालेल. दोन वेळ पोटभर जेवण, त्यात डाळ, उसळ, अंडी, आणि सात तास झोप. त्यानंतर काय होतं ते बघायचं.

हे ऐकून तू मान हलवशील आणि म्हणशील, बसून कुठे वजन उतरतं का. तुझ्याकडून मला ते नकोच ऐकायला. शेजारच्या यादवकाकांनी वेलीवर दुप्पट घड ठेवले तेव्हा तूच त्यांना बांधावर उभं राहून सुनावलं होतंस की एवढ्या घडांत साखर भरणार नाही. माल उतरल्यावर एप्रिलच्या छाटणीआधी वेलीला विश्रांती द्या, हे तू तालुकाभर सांगत फिरतोस. लोक ऐकतातही. वेलीचं तुला एवढं कळतं, मग स्वतःच्या अंगाचं का कळू नये, हे माझ्या कोड्यातलं शेवटचं न सुटलेलं टोक होतं.

गुरुवारी तेही सुटलं. किडनीच्या तपासणीचा रिपोर्ट यायचाय असं तू मला सांगतोस, पण तो येऊन आठ दिवस झालेत. लघवीत प्रथिनं सापडली, क्रिएटिनिन थोडं वाढलेलं, असंच राहिलं तर तुम्ही देऊ शकणार नाही, असं तुला सांगितलं गेलं. तू ते माझ्यापासून लपवलंस आणि त्या दिवसापासून पुलाच्या पुढे आणखी चार किलोमीटर पळायला लागलास. वहिनी फोनवर रडत होती, तिच्यावर रागावू नकोस. मी तिला एकच प्रश्न विचारला, तपासणीच्या दिवशी सकाळी हे पळाले होते का? ‘हां तर, तिथूनच आंघोळ करून गाडीवर बसले,’ म्हणाली. दादा, एवढं पळून आलेल्या कुणाच्याही लघवीत प्रथिनं दिसू शकतात, क्रिएटिनिनही तात्पुरतं वाढू शकतं. डॉक्टरांना मी हे विचारलं तेव्हा त्यांनी कपाळाला हात लावला आणि आधी का नाही सांगितलं म्हणाले. कदाचित तुझ्या किडन्या ठणठणीत असतील, कदाचित नसतील. पळून ते कळणार नाही, थांबूनच कळेल. विश्रांतीचे दहा दिवस भरल्यावर येणाऱ्या सोमवारी फेरतपासणीची वेळ मी घेऊन ठेवली आहे.

आता पत्र लिहिण्याचं खरं कारण. तुझा काटा ब्याण्णववर अडला तेव्हा मला आतून बरं वाटलं होतं. ऑपरेशनला माझ्या संमतीचा कागद जूनपासून सहीवाचून पडला होता. इथली नर्स स्नेहा दर वेळी विचारायची आणि मी सांगायचे, आधी दादाचं वजन उतरू दे. तुझ्या धडधाकट पोटावर माझ्यामुळे सुरी चालावी, उद्या तुला काही झालं तर वहिनीला तोंड कसं दाखवू, या भीतीने मी तुझ्या काट्याआड लपले. तुला हे केव्हाच कळलं होतं, नाही का? मला नाही म्हणायला कारणच उरू नये म्हणून तू वेड्यासारखा पळत होतास. आणि इथे मी मनातल्या मनात म्हणत होते की तू पोचू नयेस. गुरुवारी वहिनीने रिपोर्ट सांगितला तेव्हा वाटलं, सुटले. फोन ठेवला, स्वयंपाकघरात गेले आणि ओट्याला धरून इतकी रडले की अमित धावत आला. आता लिहिते ते मी आजवर त्यालाही तोंडाने म्हटलेलं नाही, तुलाच पहिल्यांदा सांगते. मला जगायचं आहे, दादा. मला तुझी किडनी हवी आहे. आज सकाळी मशीनवर यायच्या आधी मी स्नेहाला सही करून दिली. आता तू थांब.

तुझीच,
मीना