टेकडीवरच्या देवळात टांगलेली माझी पाटी

ती. यासुएताईला धाकट्या फुमिएचा वाकून नमस्कार. इकडे अंगणातला प्लम फुलला. तुझे गुडघे काय म्हणतात? माझी प्रकृती ठणठणीत आहे, फक्त गावात तोंड दाखवायची सोय राहिलेली नाही.

त्याचं असं झालं, टेकडीवरच्या देवळात मी नवसाची लाकडी पाटी टांगली. मागणं एवढंच, की सोयाबीन आंबवून केलेला मिसो विकणाऱ्या कुरामोचींनी एकदाचं मला लग्नाचं विचारावं. (हसू नकोस. दोन वर्षं तो विधुर माणूस मला चमचाभर मिसो जास्त घालतोय आणि बोलतोय मात्र हवेबद्दल!) आता नाव-पत्ता नीट लिहिला नाही, तर देवाला घर सापडायचं कसं? म्हणून दोघांची नावं, पत्ते, वयं ठसठशीत लिहिली. (माझं तीन वर्षं कमी. देव काही दाखला मागत नाही.) पण देवाच्या आधी अख्खं गाव वाचतं, हे अठ्ठावन्नाव्या वर्षीही माझ्या टाळक्यात शिरलं नाही.

दुसऱ्या दिवशी मासळीवाली म्हणते, "अक्षर काय वळणदार हो तुमचं!" मी तशीच टेकडी चढले. हात धुतले, दोनदा वाकले, दोनदा टाळ्या वाजवल्या आणि पुजारीणबाईंकडे पाटी परत मागितली. "अहो, देवाला दिलेलं कुणी परत मागतं का?" मग पाटीचं तोंड निदान मागे तरी फिरवावं म्हणून दोरी ओढली, तर ताई, पाट्या टांगायची अख्खी चौकट धाडकन खाली! परीक्षेत पास कर, बाळंतपण सुखरूप होऊ दे, नवऱ्याची दारू सोडव, गावाच्या साऱ्या इच्छा माझ्या अंगावर. त्या ढिगात मी फतकल मारून बसलेली, आणि समोर कोण? कुरामोची!

त्यांनी चौकट उभी केली आणि एकेक पाटी टांगू लागले. मी माझी बाहीत कोंबली. शेवटी म्हणाले, "एक कमी आहे."

"छे हो, सगळ्या झाल्या."

"तुमची राहिली. कालच वाचली मी. वय चुकलंय."

मेले, म्हटलं. आता मिसोसुद्धा परगावाहून आणावा लागणार. पण त्यांनी हात पुढे केला, माझी पाटी घेऊन टांगली, कानापर्यंत लाल होत खिशातून स्वतःची काढून शेजारी अडकवली, आणि "आज हवा छान आहे" म्हणत टेकडी उतरून पळालेसुद्धा! ती वाचून मी इतक्या टाळ्या वाजवल्या की देव दचकला असेल.

अशी सगळी गंमत. जिवाला जप.

तुझी,
फुमिए

ता. क. त्यांच्या पाटीवर होतं, 'फुमिएबाईंच्या थोरल्या बहिणीनं आमच्या लग्नाला होकार द्यावा. त्यांना विचारायची माझी छाती होत नाही.' तेव्हा ताई, देवानं हे काम तुझ्याकडे ढकललंय. उलटटपाली हो म्हण गं. मला फार हवाय तो माणूस.

पुन्हा ता. क. नकारच द्यायचा असेल, तर घाई करू नकोस. अकरा एप्रिलला लग्न आटोपलं की सावकाश दे.