सामायिक हौद

हैदराबाद

तीर्थरूप अण्णा, पाया पडते.

तळ्याकाठचं घर घेतलं. खिडकीतून पाणीच पाणी दिसतंय. कॉलनीतली बाग, क्लब, पोहायचा हौद, सगळं दोनशे घरांत सामायिक. मला लय नवल वाटायचं. आपल्या सामायिक विहिरीवर तुमी आन बजरंगकाका दोघंच, तरी पाण्याच्या पाळीवरून बोलणं बंद. मग हितं कसं जमत असंल?

बघावं म्हणून सही करायच्या आधी एक सकाळ हौदापाशी जाऊन बसले. दोन म्हातारे पोहायच्या पाळीवरून तावातावानं भांडायले होते. भांडून दमले, आन एकाच थर्मासातला चहा प्यायले. तवा ह्यांना म्हणलं, हेच घर घेऊ.

आईचे गुडघे कसे हायत? वास्तुशांतीला सगळ्यांनी यायचं.

काकांना वेगळं पत्र लिहिलं न्हाई. हेच तुमी त्यांच्या घरी जाऊन वाचून दाखवा.

तुमची,
निकिता