रॉस्कोने अर्धी ठेवलेली दाढी

मेकन, जॉर्जिया
बुधवार, १४ ऑगस्ट

लाडके वर्डेल,

थोरल्या बहिणीचे पोटभर आशीर्वाद. तर परवा आमच्या वर्गाला सगळ्यांत आधी आलं कोण, सांग? डीकन पर्विस! तोच गं, "बायकांच्या गोष्टींत बाप्यांचं काय काम" म्हणत चर्चभर फिरणारा. मी मासे तळणार हे कळलं, मग नाकानंच ओढून आणलं त्याला.

सोमवारी सलून बंद असतं, म्हणून रॉस्को न्हाव्यानं आपलं दुकान वर्गाला दिलं. दवाखान्यातल्या नर्सबाई आल्या, व्हिटलोबाई, आपल्यातल्याच. घरात मुली वाढवणाऱ्या बापांना, आजोबांना, मामांना शिकवायला. पाळी कशी येते, मूल कसं राहतं, पोरीनं नाही म्हटलं की ते नाहीच. सगळे बाप्ये मान खाली घालून, जसं काही फरशीवर बायबल लिहिलंय.

आपला जावई डेमेट्रियस शेवटी आला. माझी जोनेल वारल्यापासून लेकीला माझ्याकडे ठेवून ट्रक चालवतो ना तो. केझिया आता बारा वर्षांची. पाळी आली ते बापाला कळू नये म्हणून कपडे माझ्या कपाटात दडवायची. तू डॉक्टरांचं विचारलंस, ते मागाहून लिहिते.

रॉस्को म्हणाला, "जावईबापू, दाढी वाढलीय, बसा." बसला बिचारा. गळ्याभोवती कापड, अर्धी दाढी साफ, आणि रॉस्कोनं मशीनच बंद केलं!

"आता बोल, लेकीला काय सांगशील? नाहीतर जा असाच, अर्धा बोकड!"

"तिची आजी सांगेल की."

"आजी काय अमरपट्टा घेऊन आलीय?" मी बोलून गेले.

त्यानं माझ्याकडे बघितलं. मग समोर लेकच बसलीय असं धरून म्हणाला, "केझी, मला फारसं कळत नाही. पण काही दुखलं, कुणी हात लावला, कुणी मुलगा आवडला, तरी मला विचार. मला नाही आलं तर दोघं मिळून नर्सबाईंना विचारू. ओरडणार नाही."

दाराशी पोर गोडाचं पीच कॉबलर घेऊन उभी! "खरंच ओरडणार नाहीस, डॅडी?"

"नाही."

"मग पॅड तू आणत जा. आजी उशीएवढे जाड आणते."

अगं, हसून हसून पोट दुखलं! जावई उठला तो तसाच, अर्ध्या दाढीनिशी पॅड आणायला पळाला. डीकन डोळे पुसत होता. म्हणे, माशाची मिरपूड गेली.

हां, डॉक्टर. हृदयाची झडप बदलायची म्हणतात. घाबरू नकोस, मीही नाही घाबरत. घाई एकाच गोष्टीची होती, पोरीला विचारायला घरात कुणी हवं होतं. आता आहे.

नर्सबाई आणि सगळे बाप्ये येत्या सोमवारी पुन्हा येतो म्हणालेत. मासे मीच तळणार. तू येणार असलीस तर त्याच दिवशी ये. ऑपरेशन मंगळवारी आहे.

तुझी, जीव हलका झालेली,
ओला मे