बाळंतपणाचं कोटेशन

सिरसाळा, शनिवार

आदरणीय शहादेवमामा आणि पारूमामींना भाच्याचा कडक जयभीम.

मामा, गुडघा काय म्हणतोय? मामींची बीपीची गोळी चालू हाय ना, का बरं वाटतंय म्हणून परत बंद केली? इकडं आमी मजेत, म्हणजे आई सोडून. सायलीला पाच वर्षं झाली, आता तिच्या पाठीवर एक पाहिजेच, असं आईनं धरलंय. उठता-बसता तेच. खर्चाचं काढलं की म्हणते, पहिलीला एक रुपया तरी लागला का तुला? (न्हाईच लागला. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून सगळं सासऱ्यांनी शिरूर कासारला केलं. मी चौथ्या दिवशी नुसती जिलेबी घेऊन गेलतो, त्यातली निम्मी मीच खाल्ली.) पण दुसरं सासरी, म्हणजे आमच्या अंगावर.

मी पडलो मंडपवाला. खांब रोवायच्या आधी कोटेशन, हा आपला धंदा. म्हणून गेलो अंबाजोगाईच्या एका दवाखान्यात. काउंटरवरच्या बाईंनी विचारलं, पेशंट कुठाय? म्हणलं, बायको घरी भाकरी करायलीय. कितवा महिना? म्हणलं, अजून ठरलं न्हाई, आधी रेट बघू. बाईंनी चष्मा काढून असं बघितलं, की मागची रांग पण माझ्याकडं बघायला लागली. तरी मी हटलो न्हाई. साधं कितीला, सिझर कितीला (दोन्हीत काही कमी-जास्त होईल का, हे पण विचारलं, तिथं चुकलो), सोनोग्राफ्या, गोळ्या, रूमचं भाडं, सगळं लिहून घेतलं. बेरीज दोनदा करून बघितली. अख्ख्या लग्नसराईची कमाई! वर प्रियदर्शनीचं शिलाई मशीन सहा महिने बंद. सरकारीत फुकट होतं, म्हणते आई. खरं हाय, पण पुढं शाळा, क्लास कोण फुकट देतंय? तर मामा, एकच बास, असं आमचं ठरलंय. निव्वळ हिशोब हाय, दुसरं काही न्हाई.

तुमचा,
पवन

ता.क. बुधवारी नसबंदीचं ऑपरेशन हाय. हां, माझंच. आठवडाभर जड उचलायचं न्हाई, आणि मी खांबाला हात लावला न्हाई की आईला लगेच संशय येणार. म्हणून दवाखान्यातून थेट घाटनांदूरला तुमच्याकडं येतो. आईला म्हणायचं, पवन आमचं घर रंगवतोय. (खरंच रंग आणून ठेवू नका.) नंतर तिला खरं काय ते तुमीच सांगायचं. ती भावाशिवाय कुणाचं ऐकत न्हाई.

दुसरा ता.क. वरचा हिशोब आईला सांगायला. तुमाला खरं सांगतो. सासऱ्यांना पहिलीचा खर्च विचारायला गेलतो, तर त्यांनी बिलांची पिशवीच हातात दिली. त्यात रक्ताच्या तीन पावत्या निघाल्या. प्रियदर्शनीला तीन बाटल्या रक्त चढवलं होतं, मामा, आणि मी तवा परळीत कुणाच्या तरी लग्नाचे पडदे बांधत होतो. लई चिडलो तिच्यावर, मला का सांगितलं न्हाई म्हणून. म्हणाली, तुमचा सीझन होता.